मराठीत कथा-कादंबऱ्यांपलीकडे शोधायचं कुठे?

मराठीत माहितीपर पुस्तकं मिळत नाहीत, हे एका लेखात वाचलेलं विधान पटलं नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर शास्त्र, इतिहास, कोश, चरित्रं अशी शेकडो पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. मराठी विश्वकोश तर ऑनलाइन नोंदवार वाचता येतो. श्री. व्यं. केतकरांनी संपादित केलेल्या ज्ञानकोशासारखे जुने ग्रंथ इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात सापडतात, पण तिथे खरी अडचण शोधाची. बरीच नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी नोंदवलेली असतात. ज्ञानकोशासाठी ‘डी-एन-वाय’ आणि ‘जे-एन’ अशी दोन्ही स्पेलिंगं घालून पाहा, मग लेखकाच्या नुसत्या आडनावाने शोधा. देवनागरीत शोधताना 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वारही लक्षात घ्या. ‘नांव’, ‘कांहीं’ असंच छापलेलं असतं. फाइल उतरवून घेण्याआधी अनुक्रमणिकेत दिलेली शेवटची पानं खरंच आहेत का, हे तपासा. स्कॅनमध्ये पानं गळलेली असतात, नकाशे काळे पडलेले असतात. अशा वेळी दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधावी, बहुधा तिच्यात गळलेली पानं वेगळी असतात! लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं झाली असतील, तर प्रत मुद्रित करून वाचनालयात ठेवायलाही सहसा कायद्याची आडकाठी नाही.