‘आयपॉडइतकाच चांगला’ हे शब्द आमचे चुकले

महोदय,

आमच्याकडून घेतलेल्या, ॲपल सोडून दुसऱ्या कंपनीच्या जुन्या, दुरुस्त केलेल्या म्युझिक प्लेयरवर आपली २००६ च्या सुमाराची आयट्यून्सवरून (ॲपलच्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानातून) विकत घेतलेली गाणी वाजत नाहीत, घरच्या स्पीकर डॉकवर तो बसत नाही, आणि विकताना मात्र आम्ही त्याला ‘आयपॉडइतकाच चांगला’ म्हटले, ही आपली तक्रार रास्त आहे. त्या प्लेयरमध्ये रेडिओ आहे, त्याची बॅटरीही घरच्या घरी बदलता येते. परंतु नुसत्या यंत्राची तुलना करून भागत नाही, हे आम्ही आधीच सांगायला हवे होते.

इतक्या कंपन्यांना ॲपलच्या आयपॉडची बरोबरी का साधली नाही, असेही आपण विचारले आहे. कल्पकता कमी पडली असे म्हणवत नाही, कारण २००१ मध्ये आयपॉड आला त्याआधीच क्रिएटिव्ह या कंपनीचा हार्ड डिस्कवाला प्लेयर बाजारात होता आणि त्याच कंपनीच्या मेनूच्या पेटंटपोटी ॲपलला २००६ मध्ये दहा कोटी डॉलर मोजावे लागले. खरी अडचण गाण्यांची होती. २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली, पण त्या गाण्यांना लावलेले फेअरप्ले नावाचे डिजिटल कुलूप प्रतिस्पर्ध्यांच्या प्लेयरवर उघडत नसे. त्यामुळे ज्याने शंभर गाणी घेतली, त्याला प्लेयर बदलायचा तर त्या शंभर गाण्यांवर पाणी सोडावे लागे, नाहीतर ती सीडीवर उतरवून पुन्हा संगणकात घेण्याची खटपट करावी लागे. प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला प्लेयर एकाचा, संगणकावरचा प्रोग्राम दुसऱ्याचा आणि गाण्यांचे दुकान तिसऱ्याचे, म्हणजे गाणे उतरले नाही की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. मायक्रोसॉफ्टने हे सगळे ‘प्लेज फॉर शुअर’ या शिक्क्याखाली जुळवू पाहिले, आणि २००६ मध्ये स्वतःचा झून हा प्लेयर आणला तेव्हा त्यावर त्याच शिक्क्याची गाणी वाजेनात! डॉकचे म्हणाल, तर त्या काळच्या डॉकची खाचच आयपॉडच्या तीस पिनांच्या मापाची असे.

आपली गाणी मात्र वाया गेलेली नाहीत. आयट्यून्समधून ती ऑडिओ सीडीवर उतरवून एमपीथ्री स्वरूपात पुन्हा संगणकात घेतली, की याच प्लेयरवर वाजतील. हे काम आम्ही विनामूल्य करून देऊ. तेवढे नको असल्यास प्लेयर परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ. येताना त्याची केबल आठवणीने आणावी; दुसरी कोणतीही त्याला बसत नाही.