गिरणीवाल्याला तीन मिनिटं

"तुमच्याकडे बरं असतं गं, लोकांना विचारून करतात सगळं." मी अमेरिकेत राहते, त्यामुळे आईचं हे वाक्य रस्ते, कचरा, झाडं अशा कुठल्याही विषयावर येऊ शकतं. या डिसेंबरात पार्ल्याला गेले तेव्हा ते आमच्या इमारतीच्या पुनर्विकासावर आलं. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, खाली रस्त्याच्या बाजूला तीन दुकानं. विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीवर मर्यादा, म्हणून आमच्या भागात ही गाडी इतकी वर्षं अडली होती. आता मात्र गल्लीतल्या निम्म्या इमारतींना हिरवी जाळी लागलीय आणि आमचाही नंबर आलाय.

विशेष सर्वसाधारण सभा भरली ती कंपाउंडमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार अशा सभेचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा कॅमेरा घेऊन फिरत होता. सवयीने तो बायकांच्या साड्यांवर जरा जास्तच रेंगाळला. चर्चा मात्र लग्नातल्यासारखीच, देण्याघेण्याची. कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, किती वाढीव, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग एक की दोन. ५१ टक्के संमती लागते, ती दीड तासात मिळाली. रस्त्याचं काय होईल, पाणी कुठून येईल, गल्लीत एकाच वेळी सात इमारती वर गेल्या तर गटार पुरेल का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी सभासद नाही, घर आईच्या नावावर आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही लक्ष कार्पेटच्या आकड्यावरच होतं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उभा राहून आणखी एक माणूस सभा ऐकत होता. आमचा गिरणीवाला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मी राहते कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोत. वस्ती साधारण साठ हजार, त्यात आपल्यासारखे आणि चिनी वंशाचे मिळून बहुसंख्य. नाव जगभर माहीत, ते ॲपलमुळे. पण गावाला मध्य नाही. पार्ल्याला स्टेशन आहे, डोंबिवलीला फडके रोड आहे, कुपर्टिनोला एकमेकांना छेदणारे दोन रुंद रस्ते आहेत आणि त्यांच्या कडेने पार्किंगची मैदानं. १९७६ साली उघडलेला वॅल्को मॉल हाच काय तो मध्य होता. मेसीज, सिअर्स, जेसी पेनी अशी मोठी दुकानं, आत बर्फावर घसरायची रिंक, वुल्फ रोडवरून पलीकडे जाणारा पूल. मी आले तेव्हाच तो ओस पडायला लागला होता. आपल्याकडे ओस पडलेला मॉल म्हणजे काय हे आता पुण्या-मुंबईतही कळू लागलंय, त्यामुळे वर्णन करत नाही.

२०१४ मध्ये सँड हिल प्रॉपर्टी या कंपनीने मॉलच्या जागा एकत्र करून विकत घेतल्या आणि पुढच्या वर्षी आराखडा आणला: घरं, कचेऱ्या, दुकानं, आणि सगळ्यावर तीस एकरांचं हिरवं छप्पर. इथे याला मिश्र वापराचा प्रकल्प म्हणतात. ते समजावून सांगायला सल्लागार येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात: तळमजल्यावर दुकान, वर घर, चालत जाऊन भाजी आणता येईल! गिरगावात वाढलेल्या माझ्या मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खाली वाणी आणि वर आपण, एवढंच ना? त्याला सल्लागार कशाला?"

पण सल्लागार लागतात, कारण इथे बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा असतं. बहुतेक निवासी जमिनीवर तेव्हा एका कुटुंबाचं स्वतंत्र घरच बांधता यायचं, आणि वेगळं काही करायचं तर नगर परिषदेसमोर जावं लागायचं. तिथून पुढे सुरू होतं ते, ज्याचा आईला हेवा वाटतो.

परिषदेत पाच सदस्य. सभा मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन ॲक्ट नावाचा कायदा आहे. त्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावीच लागते आणि प्रत्येक विषयावर जनतेला बोलू द्यावंच लागतं. चिठ्ठी भरायची, नाव पुकारलं की माईकसमोर जायचं, तीन मिनिटं बोलायचं. समोर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावले होते. एक आजोबा आपल्या घरासमोरच्या ओक झाडाबद्दल बोलले आणि पाच निवडून आलेली माणसं मान हलवत टिपणं घेत होती. आमच्या अंधेरीच्या वॉर्ड ऑफिसात मी बाबांबरोबर पाणीगळतीच्या अर्जासाठी किती खेपा घातल्यात ते आठवून मला जवळजवळ रडू आलं.

हे भारावणं टिकलं सात-आठ सभा.

वॅल्कोचं काय झालं ते थोडक्यात. नोव्हेंबर २०१६ मध्ये गावाने दोन प्रस्तावांवर मतदान केलं. एक विरोधकांचा, त्या जागेवर बंधनं घालणारा. दुसरा बिल्डरचा, प्रकल्प मंजूर करून घेणारा. दोन्ही पडले. गावाला मॉलही नको होता आणि मॉलच्या जागी दुसरं काहीही नको होतं. मग नगर परिषदेने नवा आराखडा करायला घेतला, कार्यशाळा झाल्या, पर्यावरण अहवाल झाला, सप्टेंबर २०१८ मध्ये तो मंजूरही झाला, आणि लगेच त्याविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली.

त्या सह्यांमध्ये एक माझी आहे. देशी वाणसामानाच्या दुकानाबाहेर टेबल मांडलं होतं, मी मेथीच्या जुड्या घेऊन बाहेर पडत होते, एक भले गृहस्थ म्हणाले, "शाळा आधीच भरल्यात, मुलांचं काय होणार?" मुलगी तेव्हा तिसरीत होती. सही केली. कागद वाचला नाही. पुढे निवडणुकीत परिषदेतलं बहुमत बदललं आणि २०१९ मध्ये तो आराखडा रद्द झाला. शाळांचं म्हणाल तर २०२२ मध्ये त्याच कुपर्टिनोच्या शाळा-जिल्ह्याला प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या, मुलं कमी पडली म्हणून. घरं इतकी महाग की लहान मुलांचे आईबाप येणार कुठून? वीस लाख डॉलरमध्ये इथे घर मिळालं तर शेजारी पेढे मागतील.

सात-आठ सभांनंतर मला दिसायला लागलं की माईकसमोर तीच तीच माणसं येतात. वाईट माणसं नव्हेत. बरीचशी माझ्या ओळखीची, दिवाळीला एकमेकांकडे फराळ पाठवणारी. पण सगळी घरमालक. मंगळवारी पावणेसातला मोकळी असणारी, इंग्रजीत तीन मिनिटं न अडखळता बोलणारी. आमच्या मुलीच्या शाळेतली मदतनीस ट्रेसी नावाच्या लांबच्या गावाहून येते, रोज डोंगर ओलांडून, ट्रॅफिक असला तर दोन तास. वॅल्कोत घरं झाली असती तर तिच्यासारखी माणसं तिथे राहिली असती. ती चिठ्ठी भरायला कशी येणार? ती कुपर्टिनोची रहिवासीच नाही. माईक सगळ्यांना खुला असतो, पण जे अजून इथे राहायला आलेलेच नाहीत त्यांची खुर्ची कुणी मांडत नाही.

शेवटी तो गुंता सुटला तो लोकांना विचारून नव्हे, न विचारता. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, एसबी ३५. ज्या शहरांनी ठरवून दिलेली घरं बांधू दिली नाहीत, तिथे नियमात बसणारा आणि पुरेशी परवडणारी घरं देणारा प्रकल्प जाहीर सुनावणीशिवाय मंजूर करायचा. मोठा असला तरी १८० दिवसांत. सँड हिलने मार्च २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली दुसरा अर्ज ठेवलाच होता: २,४०२ घरं, त्यातली निम्मी परवडणारी, शिवाय अठरा लाख चौरस फुटांच्या कचेऱ्या. इकडे आम्ही सह्या गोळा करत होतो आणि तिकडे अधिकाऱ्यांनी नियम ताडून त्याला परवानगी दिली. विरोधक कोर्टात गेले, मे २०२० मध्ये हरले.

गावात आक्रोश झाला. "सॅक्रामेंटोने आमच्या डोक्यावर लादलं." सॅक्रामेंटो म्हणजे राज्याची राजधानी. हे ऐकताना मला हसू आवरेना. फक्त सॅक्रामेंटोच्या जागी मंत्रालय घाला. महानगरपालिकेचा अधिकार राज्याच्या नगरविकास खात्याने उचलून नेणं हे आपल्याकडे कुणाला बातमीही वाटत नाही. आणि मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तर अनेक वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक ठरवत होता आणि प्रशासकच मंजुरी देत होता. तेव्हा कुपर्टिनोच्या माझ्या मित्रमंडळींचा लोकशाहीचा शोक मला जरा चैनीचा वाटला, हे कबूल करते. पण तो खोटा नव्हता. राज्याच्या कायद्याने पाऊल टाकलं ते शहराने बारा वाटा बंद केल्यावर, आणि तो कायदा सगळ्या शहरांना एकाच शब्दांत लागू आहे. एका भूखंडापुरता बदल कुणाच्या फायलीतून निघाला, असा प्रश्न तिथे उरत नाही. आपल्याकडे तो उरतो.

मग घरी हेवा कशाचा करावा? माईकचा करू नये, असं मला आता वाटतं. हरकती-सूचनांची पद्धत आपल्याकडेही आहे, १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा साठ हजारांवर हरकती गेल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा गुंडाळून नव्याने करायला लावला. कुपर्टिनोच्या लोकसंख्येएवढ्या हरकती! आमच्या पार्ल्यातून किती गेल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. आम्ही हरकत घेण्यात कधी कमी पडलो नाही.

मला हेवा वाटतो तो कागदाचा. वॅल्कोचा प्रत्येक नकाशा, अधिकाऱ्यांची प्रत्येक टिपणी, कुठल्या चौकात किती गाड्या वाढतील त्याचा हिशेब, बिल्डरला घातलेल्या अटी, हे सगळं मी घरी बसून चहा पिता पिता वाचू शकते. आमच्या गल्लीत सात इमारती पडताहेत आणि त्या सातांची बेरीज कुठल्याच कागदावर नाही. प्रत्येक सोसायटी आपापलं कार्पेट बघते, प्रत्येक फाइल स्वतंत्र जाते, स्वतंत्र पास होते. पाण्याची जोडणी मात्र एकाच वाहिनीवर.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं का ते तुमचं वॅल्को?" नाही झालं. मॉल पाडायला २०१८ च्या ऑक्टोबरात घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला, घरं वाढून २,६६९ झाली, दुकानांची जागा घटली. मी शेवटची तिथून गेले तेव्हा कुंपणाआड माती होती. शेजारच्या सॅन होजेत दिरिदोन स्टेशनजवळ गुगलचा ऐंशी एकरांचा प्रकल्प नगर परिषदेने मे २०२१ मध्ये एकमताने मंजूर केला होता, वीस कोटी डॉलरच्या लोकोपयोगी कामांच्या वचनासह. तोही २०२३ मध्ये थांबला. "अगंबाई," आई म्हणाली, "आमचा बिल्डर तीन वर्षांत देतो म्हणतोय." वहिनी आतून खोकली.

आता गिरणीवाला. आमच्या इमारतीतलं मधलं दुकान ठाण्याला राहणाऱ्या एका सभासदाच्या मालकीचं आहे. गिरणीवाला त्यात तीस वर्षं भाड्याने. अकरा-अकरा महिन्यांचे करार. तो सभासद नाही, म्हणून त्याला सभेत खुर्ची नाही, मत नाही, आणि पुनर्विकासात काही मिळणार नाही. गंमत अशी की हाच माणूस गिरगावातल्या एखाद्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या इमारतीत पागडीने असता, तर चित्र उलटं असतं: मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंचीच संमती लागते, आणि राहता भाडेकरू असला तर किमान ३०० चौरस फुटांचं घर त्याच्या हक्काचं. हे मी कुपर्टिनोत एका सभेनंतर कुणाला तरी सांगितलं होतं. भाडेकरूला फुकट घर? त्या बाईंना वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. मुंबईने हे कसं केलं, त्यातून किती टॉवर निघाले आणि किती भाडेकरू वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात अडकले, ते सांगायला मला तीन मिनिटं पुरली नसती. पण राहणाऱ्याला मोजायचं, फक्त मालकाला नाही, ही गोष्ट मुंबईच्या जुन्या कायद्याला सुचली होती आणि आमच्या सोसायटीच्या सभेला सुचत नाही. कुपर्टिनोच्या माईकलाही सुचली नाही.

सभा संपल्यावर मी गिरणीत गेले. आईने भाजणी भाजून ठेवली होती, मला परत येताना न्यायची होती.

"काय ठरलं, ताई?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं, भिंतीमागून सगळं ऐकलं होतं.

"होकार दिला सगळ्यांनी."

त्याने डबा उलटा केला, पट्टा सुरू केला. मग आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "नव्या बिल्डिंगमध्ये गिरणी नाय चालनार. वरच्यांना आवाज होतो." थोड्या वेळाने, "तिकडं तुमच्याकडं असते का गिरणी?"

नाही, म्हटलं. पिशवीतलं पीठ आणतो.

त्याने चिमटीत भाजणी धरून बोटांनी चोळून पाहिली, आणि गिरणीचा दगड जरासा घट्ट केला.