बॅग मात्र फुकटच हवी

डीएसएलआर कॅमेरा घ्यायचं तुमच्या मनात आलं, फार उत्तम झालं. फक्त घेण्याआधी एक पथ्य पाळा. आपण फोटो कशाचे काढणार, हा प्रश्न स्वतःला चुकूनही विचारू नका. त्याचं उत्तर सापडलं की निम्मा खर्च जागीच वाचतो आणि दुकानात जाण्यातली सगळी मजा निघून जाते. कुणी खोदून विचारलंच, तर "कासला जायचंय" म्हणून सांगा. साताऱ्यात एवढं कारण पुरतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासच्या फुलांच्या पठाराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट रिकाम्या गळ्यानं चढणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघतात.

आता कासची फुलं म्हणाल तर बरीचशी बोटाच्या पेराएवढी. सीतेची आसवं किंवा गेंद नीट टिपायचे तर पायवाटेच्या कडेला गुडघे टेकून, फुलाच्या अगदी जवळ जाऊन फोकस करू देणारी लेन्स हवी. तिला मॅक्रो म्हणतात. ती तुम्ही घेऊ नका. तुम्ही ७०-३०० एमएमची झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्या. फुलापासून मीटरभर मागं सरकल्याशिवाय ती फोकसच करत नाही, त्यामुळे पँटला चिखल लागत नाही. शिवाय ती लांबलचक दिसते. पठारावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाची लेन्स आपल्यापेक्षा आखूड निघाली, की जे समाधान मिळतं ते तेरड्याच्या गालिच्यात कुठलं!

झूम घेताना तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत बसू नका. निकॉनच्या ७०-३०० मध्ये दोन बहिणी आहेत, एकीच्या नावात 'व्हीआर' आहे, दुसरीच्या नाही. कॅननच्या ७५-३०० मध्येही 'आयएस' नसतं. हात हलला तरी फोटो हलू नये, यासाठी लेन्समध्ये जी सोय केलेली असते तिची ही अक्षरं. दोन अक्षरांना एवढे पैसे कोण देतं? आपला हात काय हलतो? हलतोच, आणि ३०० वर, म्हणजे झूम पुरती ताणल्यावर, तर चांगलाच हलतो, पण ते घरी गेल्यावर कळतं.

मेगापिक्सेलच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. शेठनं "हा अठराचा, हा चोवीसचा" म्हटलं की चोवीसवर, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांवर, बोट ठेवा. तुमचा फोटो शेवटी जाणार कुठे, तर 'पाटील परिवार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तिथे तो चेपूनच पोचतो. घरच्या फुल एचडी टीव्हीवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे जेमतेम २० लाख. अल्बममधल्या ४ बाय ६ च्या प्रिंटला, ती अगदी उत्तम छापली तरी, २२ लाखांच्या आत भागतं. ८ बाय १२ च्या मोठ्या फोटोलाही ८६ लाख पुरतात. उरलेले दीड कोटी ठिपके तुमच्या मालकीचे. कार्ड भरायला आणि लॅपटॉप रडवायला ते उपयोगी पडतात.

सल्ला घ्या, पण एकाचा नको. हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा "मामा, आता मिररलेसच" म्हणेल. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा गल्लीतला फोटोग्राफर "कॅननचा स्किन टोन" म्हणेल. त्याचा मेव्हणा निकॉनवाला निघेल. दोन्ही कंपन्यांच्या लेन्स एकमेकींच्या कॅमेऱ्याला सरळ बसत नाहीत, त्यामुळे साताऱ्यात ज्याच्याकडून लेन्स उसनी मिळू शकते त्याचीच कंपनी घ्यावी, असा शहाणा विचार एखाद्याच्या डोक्यात येईल. तो तिथेच दाबून टाका. उसनवारीवर भागलं तर खरेदी कशाची?

भाच्याचं ऐकायचं नाही हे तर ठरलेलंच आहे, कारण त्याला आपण लंगोटात पाहिलेलं असतं. तरी तो सांगतो त्यात थोडं तथ्य आहे. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर, तुमच्या डोळ्याकडे पाठवतो, आणि बटण दाबलं की खटॅक करून बाजूला होतो. मिररलेसवाल्यांनी तो आरसाच काढून टाकला. कॅनन आणि निकॉन, दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. म्हणून दुकानात काचेमागून डबा काढताना शेठ "साहेब, लेटेस्ट मॉडेल" म्हणतील, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवा. लेटेस्टच आहे. त्यानंतरचं आलेलंच नाही. आणि त्या 'खटॅक'ची किंमत भाच्याला काय कळणार! बारशाला पाळण्यापाशी तो आवाज झाला की बायका आपोआप पदर सावरतात. मोबाइल काढल्यावर कुणी सावरतं का?

आता मूळ विषय, घासाघीस.

एकट्यानं जाऊ नका. पोवई नाक्यावरचं असो की राजपथावरचं, दुकानात शिरताना बरोबर किमान तिघं हवेत. एक, ज्याला कॅमेऱ्यातलं कळतं. त्याला बोलू द्यायचं नाही. दुसरा, जो दर पाच मिनिटांनी "चल रे, पुण्यात स्वस्त मिळतो" म्हणेल. तिसरे, निवृत्त झालेले एक काका. हे काका फार महत्त्वाचे. किमतीचा विषय निघण्याआधी ते शेठला विचारतात, "गाव कुठलं म्हणायचं आपलं?" शेठ "कोरेगाव" म्हणाले, की काकांची आत्या कोरेगावात दिलेली निघते. वाई म्हणाले तर साडू निघतो. कऱ्हाड म्हणाले तर काका तिथे सात वर्षं नोकरीला होते. मग चहा येतो. चहाबरोबर वंशावळ येते. कुणाच्या तरी लग्नात दोघं एकाच पंगतीला बसल्याचं सिद्ध होतं आणि शेठ हात जोडून म्हणतात, "मग काय पाव्हणं, तुमच्याकडनं काय कमवायचंय आता!"

हे वाक्य ऐकलं, की समजा भाव पक्का झाला. तो आता एक रुपयानंही उतरणार नाही. पाव्हण्याला कुणी फसवतं का? आणि तुम्ही तरी कुठल्या तोंडानं मागणार? आत्याकडे काय वाटेल?

मोबाइलवर ऑनलाइन किंमत काढून शेठच्या नाकासमोर धरणं ही दुसरी चाल. तिला उत्तर ठरलेलं असतं: "त्यांच्याकडूनच घ्या की मग. काय बिघडलं तर बॉक्सला दाखवा." अशा वेळी उठून दारापर्यंत जायची प्रथा आहे. पुस्तकी नियमाप्रमाणे शेठनं मागून हाक मारायला हवी. साताऱ्यात शेठ हाक मारत नाहीत, ते पुढच्या गिऱ्हाइकाला मेमरी कार्ड दाखवायला लागतात. मग दारात उभं राहून आभाळाकडे बघावं, "पाऊस येतोय वाटतं" म्हणावं आणि परत येऊन बसावं.

हवं तर पुण्याला जाऊन या. एकशेदहा किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. आनेवाडीचा टोल, खेड-शिवापूरचा टोल, वाटेत मिसळ, गाडीत तीच तिघं. भावात जे काय पाच-सातशे सुटतील त्यांचा हिशोब घरी कुणी विचारला, तर विषय बदला.

बिलाचं मात्र नीट ऐका. समजा कॅमेरा ४२ हजारांचा आहे. शेठ आवाज उतरवून म्हणतात, "बिल नको असेल तर चाळीसला देतो." लगेच हो म्हणा. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे ४२ हजारांत कराचे साधारण ६,४०० रुपये. त्यातले दोन हजार तुम्हाला मिळाले. उरलेल्या चार हजार चारशेंचं काय होतं, हे पाव्हण्यांना विचारणं शोभत नाही. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि माल आडवाटेनं आलेला असला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तुमचा कॅमेरा ओळखीचाही वाटत नाही. पण वॉरंटी कधी कुणाला लागली आहे? आपल्याकडे वस्तू बिघडते ती वॉरंटी संपल्यावरच.

मी तर म्हणतो, लेन्सच्या किमतीतही फार शिरू नये. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, बिनफ्लॅशचा फोटो हवा असेल तर ५० एमएम, एफ १.८ ची छोटी लेन्स घ्या, असं एखादा सांगेल. स्वस्त असते, हलकी असते आणि किटबरोबर येणाऱ्या १८-५५ पेक्षा कितीतरी जास्त उजेड आत घेते, हे सगळं खरं. पण दिसायला अगदीच बुटकी. घ्यायचीच झाली, तर निकॉनवाल्यांनी त्यातली 'डी' घ्यावी. ती 'जी'पेक्षा स्वस्त असते. डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि 'डी' लेन्समध्येही नसते, त्यामुळे फोकस हातानं फिरवायचा. तोवर फोटोतलं मूल शाळेत जातं.

तर या सगळ्यावर शक्ती खर्च न करता खरी लढाई लढायची ती फुकटच्या वस्तूंसाठी. लेन्समध्ये पाच हजार जास्त गेले तर जाऊ द्या, बॅग सोडायची नाही. "बॅग तर देणारच ना?" इथून सुरुवात करा. बॅग मिळाली की कार्ड मागा. कार्ड मिळालं की यूव्ही फिल्टर, मग ट्रायपॉड, मग पुसायचा कपडा. शेठ एकेक वस्तू अशा चेहऱ्यानं काढून ठेवतात, जणू घरातली भांडी विकायला काढली आहेत. त्या चेहऱ्याला बळी पडू नका. काकांना पुढं करा.

या वस्तूंचं मोल वापरताना कळतं. ट्रायपॉड घेऊन ठोसेघरला जा. धबधब्याच्या धारा एकात एक मिसळलेल्या दिसाव्यात तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि दिवसाउजेडी ते करायचं तर लेन्सपुढे उजेड अडवणारी काळी काच हवी. तिला एनडी फिल्टर म्हणतात. तुमच्याकडे आहे तो यूव्ही. तो उजेड अडवत नाही, पण फुकट आहे. मग तिथूनच पुढे चाळकेवाडीला चला. ज्या वाऱ्यासाठी कंपन्यांनी तिथे पवनचक्क्या उभ्या केल्या, त्याच वाऱ्यात तुमचा फुकटचा ट्रायपॉड उभा करा. उभा केल्यावर कॅमेऱ्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायला विसरू नका.

संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन खाली लुकलुकणाऱ्या शहराचा फोटो घ्या. कॅमेरा ऑटोवर असला की फ्लॅश आपोआप वर येतो. तो काही मीटरपलीकडे पोचत नाही, तरी अख्ख्या साताऱ्यावर फ्लॅश मारल्याचं श्रेय तुम्हाला मिळतं. ऑटोवरून डायल हलवू नये हे वेगळं सांगायला नकोच. ती बाकीची अक्षरं कंपनीच्या माणसांसाठी आहेत.

जुना घ्यायचा विचार असेल तर लग्नवाल्या फोटोग्राफरकडचा घ्या. "सिंगल हँड आहे, जपून वापरलाय" असं तो म्हणेल. अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, त्याला जपणूकच म्हणतात. शटर किती वेळा पडलंय, हे विचारू नका. डी ३५०० च्या शटरची चाचणी १ लाख क्लिकपर्यंतची आहे, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नात काही हजार सहज होतात. भागाकार केला तर सौदा मोडतो.

राहता राहिली निगा. साताऱ्याचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. भिंतींना ओल येते, पापड सादळतात. अशा दिवसांत लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी, असं जाणकार सांगतात. डबा शंभर-दोनशेचा, पुड्या त्याहून स्वस्त. पण मग ती एवढ्या कष्टानं मिळवलेली बॅग कशासाठी? कॅमेरा बॅगेतच ठेवा. चेन घट्ट लावा आणि बॅग कपाटात अगदी आत, कोपऱ्यात, अंधारात सारा. जूनपासून गणपतीपर्यंत उघडू नका. आतल्या स्पंजानं ओल छान धरलेली असते आणि लेन्सच्या काचेवर बुरशीची बारीक नक्षी उमटते. ती पुसायच्या कपड्यानं जात नाही, कारण ती आतून असते, आणि जास्त दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंगच खाते.

मग लेन्स उघडून साफ करायला पुण्याला न्यावी लागेल. दोन टोल आलेच. कारागीर जो आकडा सांगेल त्याच्या निम्म्यावरून तुम्ही सुरुवात करा. काकांना बरोबर न्या, त्याचंही गाव विचारू द्या. इतकं करून तो पैशाला हललाच नाही, तर निदान एक बॅग मागून बघा.