वेळेची मर्यादा कवितेला मारत नाही

ओपन माइकवर, म्हणजे कुणीही नाव नोंदवून माइकवर आपली कविता वाचू शकतो अशा कार्यक्रमावर, एक लेख वाचला. ‘ओपन माइकला वेळेचं बंधन घातलं की कविता गुदमरते,’ हे त्यातलं विधान अजिबात पटलं नाही. वीस-पंचवीस ओळींची मुक्तछंदातली कविता सावकाश वाचली तरी दोन मिनिटांत संपते. वेळ खाते ती प्रस्तावना: कविता कशी सुचली, कुणाला आवडली, कुठे छापून आली. माणशी पाच मिनिटं आणि उठणं-बसणं, नाव पुकारणं यांची दोन धरली, तर दोन तासांत पंधरा जण नीट बसतात आणि पंधरा मिनिटं हाताशी उरतात. मर्यादा नसली की पहिले चार जण तास घेतात. मग शेवटी नाव असलेली नवखी मुलं रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचतात. हा खरा अन्याय! चौथ्या मिनिटाला सूत्रसंचालकाने समोरून हात वर करावा, आणि हा नियम नावनोंदणीच्या वेळीच सांगावा. मध्येच थांबवलं की माणूस दुखावतो.

आणि माइकबद्दल लेखात एक अक्षर नाही. तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते. स्पीकर वाचणाऱ्याच्या मागे ठेवले तरी तेच. कागद माइकच्या बाजूला, छातीच्या उंचीवर धरावा. खाली धरला की मान झुकते आणि ओळीचा शेवट, म्हणजे नेमका यमकाचा शब्द, कुणाला ऐकूच येत नाही.