आडवा झा, उभा झा

न्यू जर्सीला ताईकडे येऊन मला आठवडा झाला होता. भाचीने स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या ठोकळ्यांनी इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, पट मांडला आणि मी बाह्या सरसावल्या. चौतीस वर्षं बँकेत इंग्रजीतून मसुदे केलेत, कॉलेजातल्या पोरीला काय घाबरायचं? हरेल त्याने पिझ्झा मागवायचा, असं ठरलं.

माझे शब्द कसे घरंदाज. 'लेजर', 'ऑडिट'. मी पुढे होतो. मग तिने झेड आणि ए असे दोनच ठोकळे उचलले, पटावरच्या एका ए ला लावून ठेवले आणि म्हणाली, "बासष्ट."

"कशाचे?"

"झा चे. आडवा झा, उभा झा."

झेडचे मुळात दहा. खालचं घर अक्षराचे गुण तिप्पट करणारं, म्हणून तीस. एचा एक. एकतीस दुणे बासष्ट. बँकेतला माणूस, हिशोबात चूक काढता येईना, म्हणून मी शब्दावर घसरलो.

"झा? हे बिहारकडचं आडनाव आहे. विशेषनाम चालत नाही."

"मामा, झा म्हणजे पिझ्झा. लाडाने."

हे कसलं लाड करणं? उद्या वडापावला नुसतं 'व' म्हणा! शिवाय मूळ उच्चार पित्सा, म्हणजे आपल्या चाकातला 'च'. तो धड म्हणता येत नाही आणि निघाले शेपूट तोडायला. मी आव्हान दिलं. तिने शांतपणे फोन पुढे केला: झा, नाम, अनेकवचन झाज. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या शब्दयादीत 2006 पासून आहे. फुकटचं आव्हान दिल्याबद्दल इथल्या नियमाप्रमाणे माझी पाळी गेली.

शेवटी माझ्या पट्टीवर क्यू उरला. यू काही आलाच नाही. ती आधी सुटली होती, त्यामुळे माझे दहा वजा, तिचे दहा जमा.

"मघाशी आय होता ना तुझ्याकडे? क्यू, आय, 'ची'. चिनी लोकांची प्राणशक्ती. तोही 2006 चाच."

माझी तोवर गेली होती.

पण हरलेल्याने निदान शिकावं तरी. पिझ्झा मागवताना मला उदार व्हावंसं वाटलं. ताईच्या ओळखीच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी इंग्रजी अक्षरांत टाकलं, 'आज रात्री आमच्याकडे झा. भरपूर आहे. सहकुटुंब या.'

भाचीने ते वाचलं आणि सोफ्यावर आडवी झाली. हसू आवरल्यावर कळलं, की तिच्या वयाच्या मुलांत झा म्हणजे हल्ली उंची गांजा.

"घाबरू नकोस मामा, न्यू जर्सीत मोठ्या माणसांना कायद्याने चालतो."

मी संदेश पुसायला धावलो. तोवर अकरा अंगठे आले होते, आणि एका ज्येष्ठ काकांचा प्रश्न: 'येतो. पण आज चतुर्थी आहे, उपासाला चालेल ना?'