अरुंद अक्षर वेगळं, दाबलेलं अक्षर वेगळं

परवा पुण्यात लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापासून कुंटे चौकापर्यंत चालत गेले, फक्त दुकानांच्या पाट्या बघत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण कित्येक ठिकाणी इंग्रजी नाव आधीच ऐसपैस बसलेलं, उरलेल्या जागेत मराठी कोंबायचं. मग नेहमीचा फॉन्ट घेतात आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंनी दाबतात. हे बघून जीव तुटतो.

दाबल्यावर काय होतं ते नीट बघा. शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते आणि काने मात्र रोडावतात. अक्षर डोक्यावर जड, पायात काटकुळं. ‘प’चं पोट मिटतं. ‘ध’ आणि ‘घ’ लांबून सारखेच दिसायला लागतात, कारण त्यांना वेगळं करणारी फटच बुजते.

खऱ्या ठळक अरुंद टाइपमध्ये हे सगळं हाताने सोडवलेलं असतं. उभा दंड भक्कम ठेवायचा, शिरोरेषा जराशी बारीक करायची, पोटातला पांढरा भाग जपायचा. इंग्रजीला हे सोपं जातं. १९६५ सालचा ‘इम्पॅक्ट’ हा ठळक, अरुंद फॉन्ट आठवा. त्यातल्या कॅपिटल अक्षरांना ना वर वेलांटी, ना खाली उकार. ओळीवर ओळ विटांसारखी रचता येते. आपल्याकडे तेवढ्याच अंतरावर दोन ओळी ठेवल्या, की वरच्या ओळीचा ‘हू’ खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. म्हणून मराठी मथळ्याला ओळींमध्ये जास्त हवा लागते, आणि ती द्यायलाच हवी.

बरं, साधनं नाहीत असंही नाही. ‘टेको’ आणि ‘खंड’ हे अरुंद देवनागरी फॉन्ट आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘अनेक देवनागरी’त तर रुंदी नेहमीच्या ७५ टक्क्यांपासून १२५ टक्क्यांपर्यंत आणि जाडी १०० (अगदी बारीक) पासून ८०० (खूप ठळक) पर्यंत हवी तशी मिळते. तिन्ही फुकट. नाटकाची जाहिरात, मंडळाचा फ्लेक्स, लांबलचक नावाची पाटी, ही यांची खरी कामं. लग्नपत्रिकेतला बारीक मजकूर मात्र कृपा करून यात लावू नका, वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो.

माझ्या मामाच्या दुकानाच्या नावात ‘क्ष्मी’ही आहे आणि ‘द्यु’ही. त्याच्या नव्या पाटीवर दोन्हींचा नुसता गोळा झाला होता. संध्याकाळपर्यंत बोर्ड द्यायचा असतो, करणाऱ्यालाही घाई असते, हे मला समजतं. मी घरी दोन प्रिंट काढल्या, एक त्या दाबलेल्या अक्षराची, दुसरी ‘अनेक’च्या सगळ्यात अरुंद, ठळक रूपातली. लांबी-उंची अगदी सारखी. शटरवर दोन्ही चिकटवल्या, ‘अनेक’ची उजवीकडे, आणि मामाला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं.

त्याने चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाला, “अगं, उजवीकडचं मोठं केलंयस ना?”

टेप घेऊन मोजून दाखवावं लागलं. सोमवारी पाटी बदलतोय.