पासपोर्टचा क्रमांक आणि अण्णांचा सातबारा

पासपोर्टच्या ताकदीची यादी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. जुलै २०२५ मध्ये पासपोर्टांची क्रमवारी लावणाऱ्या हेन्ली या खाजगी कंपनीच्या यादीत भारत ७७वा आला तेव्हा काकांनी इमोजींचे फटाके फोडले. ऑक्टोबरात ८५वर घसरला तेव्हा मामेभावाने त्यांची सव्याज परतफेड केली. व्हिसाची आधी दगदग न करता जाता येईल अशी ठिकाणं तेवढ्या काळात ५९ची ५७ झाली होती. दोन ठिकाणांवरून दोघं रात्रभर भांडले!

मी जर्मनीत राहतो. अण्णा, आई, ताई, दाजी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी इकडे यायची म्हणून पाचही जणांचे शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, कागद जमवले, आणि त्यात ७७ किंवा ८५ हा आकडा कुठेच आडवा आला नाही. आडवा आला तो अण्णांचा व्यवसाय.

दाजी शिक्षक. पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, बँकेचा उतारा, सगळं एका संध्याकाळी तयार. अण्णांची शेती बार्शीकडे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न नाही. पगार नाही, म्हणून स्लिप नाही. तूर विकली की खातं भरतं, बी-खताच्या दिवसांत खडखडाट. अर्ज तपासणाऱ्याला मात्र खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम दिसली की शंका येते, कारण व्हिसापुरते उसने पैसे भरून दाखवणारेही असतात. मग आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या काढा, सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे काढा, त्यांचं इंग्रजी करून घ्या. शाळेच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, त्याचा खुलासा वेगळा.

व्हिसा नाकारताना ठरलेल्या नमुन्यातल्या एका चौकोनावर खूण करतात: तुम्ही मुदतीत परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. आषाढीला पेरणी अडली म्हणून पंढरपूरला न जाणारा माणूस जमीन टाकून श्टुटगार्टात कशाला राहील? पण सातबाऱ्याचं वजन पगाराच्या स्लिपेइतकं पडेल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून मी इथल्या कार्यालयात जाऊन २९ युरो भरले आणि हमीपत्र दिलं. त्यांच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा खर्च सरकारवर पडला तर तो माझ्याकडून वसूल होईल. मुलाने आईबापांसाठी सही करावी यात मला काही वाईट वाटलं नाही. सही करायला इकडे कोणी नाही, अशा शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र उरतो.

इथल्या आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं: नियम आहेत, पाळा, खोटी हॉटेल बुकिंगं आपल्याच एजंटांनी सुरू केली. एजंटांबद्दल खरं आहे ते. पण त्याची किंमत ज्याने आयुष्यात एजंट पाहिला नाही तो भरतो. मोठ्यांना प्रत्येकी ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलाला ४५. म्हणजे आमचे ४०५ युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार आणि ३०,००० युरोंचं विमासंरक्षण वेगळं. नकार आला तर फी परत नाही. माझे जर्मन शेजारी केरळला गेले तेव्हा त्यांनाही व्हिसा लागला होता, पण तो त्यांनी सोफ्यावर बसून ई-व्हिसा म्हणून काढला. मामेभावाचा राग इथे रास्त आहे.

फक्त तो चुकीच्या बातमीवर खर्च होतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतीयांसाठी नियम सैल केले: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. उलट १ जुलै २०२५ पासून जर्मनीने नकारावर फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आधी पत्र लिहून, फी न भरता दाद मागता यायची. आता पुन्हा फी भरून नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. बार्शीच्या माणसाने बर्लिनमध्ये वकील लावायचा! आमच्या ग्रुपवर यातलं काहीच आलं नाही. आपल्या सरकारने जर्मनीकडे काही मागायचंच असेल तर हे मागावं. क्रमांक वाढवून मागता येत नाही.

आणि काकांसाठी एक. शेंगेनच्या नियमानुसार अर्जावर साधारण १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, फार तर ४५. परदेशी जायला दाजींना स्वतःच्या शिक्षण खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते कधी मिळणार असं विचारल्यावर टेबलावरचे साहेब म्हणाले, "फाइल वर गेलीये."